काळा वाडगा आणि लिंबाची फोड

लिंबाची अर्धी फोड रात्रभर एका काळ्या वाडग्यात उपडी पडून राहिली, आणि आमचे आठ महिन्यांचे काम तिथेच थांबले.

गेल्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारीला चण्यांवर लिंबू पिळून उरलेली फोड कोणीतरी वाडग्यातच टाकून दिली होती. सेहरीची भांडी घासायला बसलेल्या अम्मींनी सकाळी आम्हाला हाक मारली. वाडग्याच्या तळाशी, फोड टेकली होती तेवढ्याच गोलात, काळी चकाकी उतरून राखाडी झाली होती. राखेने घासून पाहिले, साबणाने घासून पाहिले. तो डाग नव्हता. डाग वर बसतो. इथे वरचेच काहीतरी निघून गेले होते. अम्मींनी बोट फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "हे कळकलंय गं पोरींनो. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं की असंच होतं."

तसले बारा वाडगे आम्ही ओळखीच्या घरांत दिलेले होते. पैसे घेऊन.

आम्ही म्हणजे नणंद आणि भावजय. आंबागडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे घर. मागच्या पडवीत चाक आहे आणि विजेवर चालणारी लहान भट्टी आहे. एकीने चंद्रपूर जिल्ह्यात राहून मातीचे काम शिकले, दुसरी तिच्या हाताखाली तयार झाली. आपल्या भागात या कामाची शिकवण नवी नाही. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारांच्या हाताला नव्या माती आणि नव्या भट्ट्या दिल्या. सीमाभागात खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे. अशा ठिकाणी शिकलेल्या माणसांकडून माणसांकडे हे ज्ञान फिरत येते. आमच्यापर्यंतही ते वहीतल्या पाककृतीच्या रूपात आले. झिलईची पाककृतीच असते: अमुक इतके भाग हे, तमुक इतके भाग ते, पाण्यात कालवा, भांडे बुडवा, भाजा.

सुरुवातीला आम्ही लाल मातीचे कप करत होतो. ही कुंभाराची घागरीची माती नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. घागरीची माती आठशे-नऊशे अंशांच्या आसपास भाजतात. तिला १२०० अंशांच्या वर नेले तर ती फुगते, बसते, आणि भट्टीच्या तव्यावर तिचा गोळा चिकटतो. आमची लाल माती तयार मिश्रणाची, १२२० अंश सेल्सिअसला टिकणारी. तिच्यावर वहीतली काळी झिलई सुरेख बसायची. गडद, खोल, तव्यावर तेल पसरल्यासारखी.

मग आम्हाला पांढऱ्या मातीचा मोह झाला. काळी झिलई लावायची, बाहेरच्या बाजूने टोकदार काडीने वेल कोरायची, आणि भाजल्यावर काळ्यातून पांढरी वेल उमटायची, असा बेत होता. लाल मातीवर कोरले तर तपकिरीवर काळे दिसते, उठाव येत नाही. पांढऱ्या मातीत चिनी माती, बिकानेरकडची चिवट बॉल क्ले, फेल्डस्पार आणि गारेची पूड असते, लोखंड नावापुरते. भांडे हलके होते, पातळ ओढता येते. पहिली भट्टी उघडली तेव्हा वेल पांढरी होती खरी, पण काळा रंग काळा नव्हता. काठावर चहाच्या तळाशी उरलेल्या गाळासारखा तपकिरी, कानाच्या कडेला तर पिवळट. आत ओंजळभर बारीक भेगांचे जाळे.

त्याच झिलईने, त्याच भट्टीत, त्याच आचेवर हे झाले. फक्त माती बदलली होती.

आम्ही ते कप शेजारच्या गावातल्या एका कुंभारकाकांना दाखवले. त्यांनी आयुष्यात झिलईचे काम केलेले नाही, माठ आणि पणत्या हेच त्यांचे. पण कप उलटा करून, न रंगवलेल्या बुडाला जीभ लावून ते म्हणाले, "लाल माती सोताचं लोखंड देते बेटी. हे पांढरी काय देईल?"

नेमके तेच घडले होते. झिलई भट्टीत वितळते तेव्हा ती मातीला नुसती चिकटत नाही, मातीचा वरचा पातळ थर खाते. लाल मातीतले लोह त्या वितळलेल्या काचेत शिरते आणि रंग गडद करते. वहीतल्या कृतीत लोह कमी पडत होते, ते इतकी वर्षे माती गुपचूप भरून देत होती. पांढऱ्या मातीजवळ द्यायला काही नव्हते. शिवाय लाल पार्श्वभूमीवर पातळ झिलईही काळी भासते; पांढऱ्यावर ती पातळ आहे हे लगेच उघडे पडते. आमच्या आईच्या काळ्या बुरख्याच्या कापडाची गंमत आठवा: दुकानात गठ्ठ्यात काळेभोर, आणि उन्हात एकेरी धरले की तपकिरी.

इथे आमच्याकडून चूक झाली, आणि ती आमच्या गावाशी जुळलेली आहे.

आंबागड म्हटले की बाहेरच्या माणसाला किल्ला आठवतो. देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळात, १७०० च्या सुमारास, त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला. पुढे भोसल्यांच्या अमलात त्याचा कैदखाना झाला, आणि कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले विषारी पाणी पाजून मारत असत अशी आठवण इथे सांगितली जाते. जुन्या गॅझेटियरमध्येही ती आहे. पण तुमसर तालुक्यातल्या माणसाला किल्ल्याइतकीच ओळखीची गोष्ट म्हणजे काळा दगड. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. १८९६ साली इंग्रज कंपनीने मध्य प्रांतात हे काम सुरू केले, १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी झाली, आज तिला सगळे मॉइल म्हणतात. डोंगरी बुजुर्गचा दगड मँगनीज डायऑक्साइडसाठी नावाजलेला. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते ती हीच. रस्त्याने ट्रक गेला की पानांवर काळा थर बसतो. आमच्या लहानपणी त्या दगडाने भिंतीवर रेघा ओढायचो.

आणि झिलईत काळा रंग आणणाऱ्या पदार्थांत मँगनीज आहेच. वहीतल्या कृतीतही थोडे होते. तेव्हा रंग फिका पडला म्हणताच आमच्या मनात पहिला विचार आला तो घरच्या दगडाचा. दगड फोडून घातला नाही, एवढी अक्कल होती; खाणीतल्या दगडात मँगनीजसोबत आणखी काय काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. दुकानातली शुद्ध भुकटी आणली. शंभर भाग झिलईला चार भाग मँगनीज होते, ते दहा केले. कोणीतरी सांगितले म्हणून चार भाग तांब्याचे ऑक्साइड घातले. भट्टी उघडली तेव्हा आम्ही दोघी काही क्षण बोललोच नाही. वाडगे काळे होतेच, वर धातूसारखी झाक होती, जुन्या तोफेला तेल लावल्यासारखी. अशी झिलई आम्ही कधी केली नव्हती. भेगाही दिसत नव्हत्या, कारण त्या झाकेखाली काहीच दिसत नव्हते.

रमजान तोंडावर होता. बारा वाडगे चार दिवसांत गेले.

लिंबाने जे दाखवले ते असे. झिलई म्हणजे काच. काचेचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे गारेचा. त्याला घट्टपणा देते चिनी मातीतली अ‍ॅल्युमिना. लोह, मँगनीज, तांबे, कोबाल्ट हे पाहुणे. घर मोठे असेल तर चार पाहुणे आत मावतात, दार लावून घेता येते. पाहुणे चौदा आले तर काही अंगणात झोपतात. आमच्या झिलईत मँगनीज आणि तांबे काचेत विरघळण्याच्या पलीकडे गेले होते, आणि उरलेले थंड होताना पृष्ठभागावर स्फटिक होऊन बसले होते. ज्या झाकेवर आम्ही खूश झालो ती झाक म्हणजेच अंगणात झोपलेले पाहुणे. लिंबातल्या आंबटाने त्यांना एका रात्रीत उचलून नेले. ते गेले कुठे? चण्यांत, रसात, पोटात.

मँगनीज शरीराला सूक्ष्म प्रमाणात लागते. जास्त झाले की ते मेंदूवर बसते. १८३७ साली ग्लासगोचे डॉक्टर कूपर यांनी मँगनीजचा दगड दळणाऱ्या कामगारांचे हातपाय दुबळे होत गेल्याची नोंद केली. पुढे त्या आजाराला मँगनिझम असेच नाव पडले, कंपवातासारखा दिसणारा आजार. तो श्वासातून गेलेल्या भुकटीचा होता, वाडग्यातल्या सालनाचा नव्हे, आणि एका रमजानात वाडग्यातून कोणाचे काही बिघडले असेल असे आम्हाला वाटत नाही. पण आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मँगनीजची इष्ट मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, ही गोष्ट आम्हाला नंतर कळली, आणि लिंबाचा तो राखाडी गोल त्या आकड्याशेजारी ठेवून पाहवेना. पाण्यात इतके मोजून घेणाऱ्या माणसाला आम्ही वाडग्यात काय देत होतो? आणि त्या घरांत लहान मुले आहेत.

श्वासाची गोष्ट तर आमच्या स्वतःच्या अंगाशी होती. मँगनीज भट्टीत तापले की धूर सोडते. पडवीच्या खिडक्या थंडीमुळे बंद असायच्या आणि आम्ही शेजारीच बसून भाकरी खायचो.

वाडगे परत मागवायचे की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. एक मत होते की "आंबट ठेवू नका" एवढे सांगून भागेल. अम्मींनी ते मोडून काढले. भंडारा जिल्हा पितळेचा. त्यांच्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत भाता मांडून बसायचा, नवसागर टाकून कापसाने कथील फिरवायचा, आणि पातेले चांदीसारखे व्हायचे. त्या म्हणाल्या, "कल्हई उडालेलं पातेलं शेजारणीला देताना 'ताक ठेवू नको' असं सांगून कोणी दिलेलं मी पाहिलं नाही. आधी कल्हई करून द्यायचं." वाद संपला. आम्ही घरोघर गेलो, पैसे परत केले.

आता कल्हई म्हणजे आमच्यासाठी नवी झिलई. या वेळी रंगापासून नव्हे, काचेपासून सुरुवात केली.

मधल्या काळात वाचताना आम्हाला कळले की पांढऱ्या मातीपायी वेड लागलेल्या आम्ही पहिल्या नव्हेत. नवव्या शतकात चीनची पांढरी भांडी जहाजाने अब्बासी खिलाफतीच्या बंदरांत येऊ लागली, तेव्हा बसऱ्याच्या कुंभारांकडे तशी माती नव्हती. त्यांनी आपल्या पिवळट मातीवर कथील घातलेली पांढरी, अपारदर्शक झिलई चढवली आणि तिच्यावर कोबाल्टने निळे लिहिले. तेच कथील, कल्हईवाल्याचे. पुढे इराणात काशानच्या कुंभारांनी माती गोरी करण्याऐवजी मातीच बदलली. तिथल्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली, म्हणजे हिजरी ७०० मध्ये, आपल्या घराण्याची कृती लिहून ठेवली: दहा भाग गारेची पूड, एक भाग दळलेली काच, एक भाग पांढरी माती. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाने भाग मोजून लिहिले आहेत, आमच्या वहीसारखे. त्यांच्या चित्रांतल्या काळ्या-जांभळ्या रेषांत मँगनीज असायचे, आणि झिलईत बहुतेकदा शिसे. म्हणून त्या भांड्यांचे सौंदर्य मान्य करूनही त्यांच्या कृती जशाच्या तशा आजच्या दस्तरखानासाठी उचलता येत नाहीत.

आम्ही जी मूळ कृती निवडली ती जगभरच्या कुंभारांना पाठ आहे आणि लक्षात ठेवायला सोपी आहे: फेल्डस्पार, बोरॅक्सची फ्रिट, वोलॅस्टोनाइट, चिनी माती आणि गारेची पूड, प्रत्येकी वीस भाग. फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. तिच्यामुळे १२२० अंशांना झिलई नीट वितळते, शिशाची गरज पडत नाही. वोलॅस्टोनाइट राजस्थानातून येतो, चुना आणि सिलिका दोन्ही देतो. या शंभर भागांवर रंगासाठी नऊ भाग लाल लोह ऑक्साइड आणि दोन भाग कोबाल्ट कार्बोनेट. मँगनीज नाही, तांबे नाही. लोह एकटे असते तर पांढऱ्यावर तपकिरीकडे गेले असते. कोबाल्टचा निळा त्या तपकिरीला मारतो आणि दोघे मिळून काळे होतात. पांढरे कपडे पिवळे पडू नयेत म्हणून नीळ घालतो ना, तोच हिशेब.

कोबाल्ट महाग आहे. दोन भागांऐवजी एक घालून पाहिला: करड्या झाकेचा तपकिरी. तीन घालून पाहिला: काठावर निळा. दोनच बरोबर. कोबाल्टही निरुपद्रवी नाही, म्हणून "थोडे जास्त घातले तर आणखी काळे होईल" या वाक्याला आमच्या पडवीत आता बंदी आहे.

रंग साधला तरी तिसऱ्या दिवशी दोन कपांतून 'टिंग' असा आवाज आला. ज्यांनी मातीचे काम केले आहे त्यांना तो आवाज झोपेतही ओळखू येतो. झिलईला भेग गेली. भट्टी थंड होताना माती आकसते आणि झिलईही आकसते; झिलई जास्त आकसली तर ती ताणली जाते आणि तडकते. अस्तर धुऊन आटले आणि वरचे कापड तसेच राहिले की शेरवानीच्या शिवणी कशा ओढल्या जातात, तसे. आमच्या लाल मातीशी झिलईचे जमत होते. पांढरीचे आकसणे वेगळे. भेगा गेलेल्या भांड्याला विष म्हणता येणार नाही. पण भेगांत तूप, दूध, मसाला मुरतो, धुऊन निघत नाही, आणि भांडे कमजोर होते. शीरखुर्म्याच्या वाटीला ते चालणार नाही.

यावर उपाय पुन्हा गारेचाच निघाला. सिलिका वाढवली की झिलई कमी आकसते, शिवाय काच जास्त टणक होते, आंबटाला जास्त दाद देत नाही. एका दगडात दोन कामे होण्याचे प्रसंग या धंद्यात फार येत नाहीत. गार वीसवरून बावीस केली, मग पंचवीस. बावीसवर एका कपाने आवाज केला, पंचवीसवर कोणी नाही. फार वाढवली तर उलटे होते: झिलई मातीपेक्षा सैल राहते आणि काठावरून पापुद्रा उडतो. ती चूक भेगांपेक्षा वाईट, कारण तो पापुद्रा काचेचा असतो आणि घासात येऊ शकतो. म्हणून पंचवीसवर थांबलो. गार वाढली म्हणून आच पुरी द्यावी लागते. १२२० ला पोचल्यावर पंधरा मिनिटे तिथेच धरतो आणि आत शंकू ठेवतो. भट्टीचा काटा खोटे बोलू शकतो, वाकलेला शंकू बोलत नाही. आच अपुरी राहिली तर उत्तम कृतीही कच्ची राहते, आणि कच्ची झिलई झिरपते.

उरली जाडी. पांढऱ्यावर पातळ थर माफ होत नाही. आता आम्ही झिलईचा घोळ वजनावर तपासतो: शंभर मिलिलिटर घोळ १४५ ग्रॅम भरला पाहिजे. भांडे तीन आकडे मोजेपर्यंत बुडवायचे, काठ पुन्हा एकदा. हे लिहायला एक ओळ लागली. जमायला दीड महिना लागला.

घरच्या परीक्षा आम्ही तीन घेतो. लिंबाची फोड चोवीस तास, आणि दुसऱ्या कपात सिरका. मग तो कप न तपासलेल्या कपाशेजारी उन्हात धरून पाहायचा. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी उकळते पाणी ओतायचे, असे तीनदा, आणि मग शाई चोळून भेगा शोधायच्या. तिसरी परीक्षा अम्मींची: महिनाभर रोज वापरायचे आणि तारेच्या घासणीने घासायचे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरची परीक्षा भांड्याला नापास करू शकते, पास करू शकत नाही. रंग न उतरताही धातू झिरपू शकतो. पास करते ती प्रयोगशाळा: भांड्यात चार टक्के अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातलेच आंबट, चोवीस तास भरून ठेवतात आणि त्यात काय उतरले ते मोजतात. ही तपासणी नेहमी शिसे आणि कॅडमियम यांचीच होते. आपल्या झिलईत जे घातले आहे त्याचे नाव आपण सांगितले नाही तर तिकडे ते कोणी शोधत नाही. आम्ही कोबाल्ट लिहून दिला. अहवाल येईपर्यंत एकही कप विकला नाही. शिसे आणि कॅडमियम सापडले नाही, कोबाल्टचा आकडा त्यांच्या यंत्राला मोजता येण्याच्या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी होता.

एवढे होऊनही आम्हा दोघींत एक मतभेद आहे आणि तो मिटलेला नाही. नणंद म्हणते, वाडगा आतबाहेर काळाच हवा, पांढरा दही-वडा त्यावर खुलतो. भावजय म्हणते, आत बिनरंगाची पारदर्शक झिलई द्यावी, काळे फक्त बाहेर. ज्यात रंगच नाही त्यातून रंग उतरणार कसा? तूर्त चिंच, लोणचे, सिरका यांसाठीची भांडी आतून पांढरी आणि बाकीची काळी, असा तह झाला आहे.

मातीचे काम न करणाऱ्या घरांसाठीही यात थोडे आहे. तुमच्याकडे लोणच्याची ती खाली पांढरी, वर तपकिरी बरणी असेल. दादीच्या काळापासून मीठ, तेल, कैरी पचवत बसलेली ती बरणी पाहा: झिलई गुळगुळीत, भेग नाही, बुडाला टिचकी मारली तर खणखणीत. उंच आचेवर पुरे भाजलेले भांडे असे असते. उलट जत्रेत मिळणारी स्वस्त, भडक, फार चकचकीत आणि टिचकीला बद्द वाजणारी भांडी कमी आचेची असतात. कमी आचेला चकाकी आणायचा जुना सोपा मार्ग म्हणजे मुर्दाडशिंग, म्हणजे शिसेच. अशात फुले ठेवा, चटणी नको. आणि काळे दिसते ते सगळे झिलईचे नसते. आझमगढजवळच्या निजामाबादची काळी सुरई धुराने काळी केलेली असते, तिच्यावर काचेचा थर नसतोच, आणि पारंपरिक रीतीत त्यावरची रुपेरी नक्षी पारा मिसळलेल्या धातूची असते. ती फळीवर शोभते.

कोणी घरी हे काम सुरू करणार असेल तर झिलईची कोरडी पूड कालवताना नाकावर एन-९५ मास्क हवाच. गारेची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. पीठ मळायची परात आणि झिलईची परात वेगळी. भट्टी पेटवली की खिडकी उघडी आणि आपण बाहेर. आम्ही आता भाकरी अंगणात खातो.

नव्या काळ्या वाडग्यांची पहिली रास या शाबानमध्ये निघाली. जुन्या धातूच्या झाकेइतका तो काळा दिमाखदार नाही, हे कबूल केले पाहिजे. तो शांत आहे, काठावर किंचित मऊ होतो, आणि वेल पांढरी उमटते. ज्यांनी आधीचे परत दिले त्यांना आधी पाठवले. बारापैकी अकराच परत आले होते. तुमसरच्या एका खालाजानने बारावा द्यायला साफ नकार दिला. "तसला चमकणारा पुन्हा कराल का? नाही ना? मग राहू दे," म्हणाल्या. आम्ही घरी जाऊन पाहिले. खिडकीत ठेवलाय, आत बटणे, सुया आणि एक तुटलेली तसबीह. नवा वाडगाही त्यांनी ठेवून घेतला, आणि त्यात लगेच कैरीचे लोणचे वाढून आमच्यापुढे सरकवले. "घ्या," म्हणाल्या, "आधी तुम्ही खा."

आम्ही खाल्ले.